‘थोडा भार द्या’ म्हणजे नेमका किती?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. सोमवारी सकाळी फोन सुरू झाले की निम्मे प्रश्न एकाच जातीचे असतात. ‘डॉक्टर म्हणाले, थोडा थोडा भार द्यायला लागा. थोडा म्हणजे किती हो?’ लगेच दुसरा: ‘गुडघा छान आहे, पण तळपाय जमिनीवर नीट बसत नाही. आत कलंडल्यासारखं वाटतं.’ तिसरा फोन बहुधा सुनेचा किंवा मुलाचा असतो: ‘आईंचा ऑपरेशनचा पाय लांब झालाय का? त्या लंगडतायत.’

तिन्ही प्रश्न गुडघ्याचे वाटतात, पण त्यांची उत्तरं तळव्याखाली असतात. सर्जन गुडघा तासा-दीड तासात सरळ करून देतात. पाय मात्र दहा-पंधरा वर्षं वाकड्या गुडघ्याशी जुळवून घेत आलेला असतो आणि ती सवय भूल देऊन जात नाही. ती कशी सोडवायची, त्या काळात काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, एवढंच या लेखात सांगते.

आधी तुमचं ऑपरेशन कोणतं ते पक्कं करा

आपल्याकडे सगळ्याच ऑपरेशनांना ‘वाटी बदलली’ म्हणतात, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. डिस्चार्ज कार्ड काढा आणि खालीलपैकी काय लिहिलंय ते बघा.

- हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, म्हणजे एचटीओ. यात सांधा तुमचाच राहतो. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला काप देऊन पाय सरळ करतात आणि प्लेट-स्क्रूने धरून ठेवतात. गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली आहे, पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला आहे आणि वय फार झालेलं नाही, अशांना हे सुचवतात.
- अर्धा सांधा बदलणं. झिजलेल्या एकाच बाजूला कृत्रिम भाग बसवतात.
- पूर्ण सांधा बदलणं, म्हणजे टोटल नी रिप्लेसमेंट.

हा फरक भार देण्यापुरता फार मोठा आहे. कृत्रिम सांधा बहुधा हाडाच्या सिमेंटने बसवलेला असतो आणि तो ऑपरेशन टेबलावरच पक्का झालेला असतो. म्हणून अशा रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात आणि सोसेल तितका भार द्यायला सांगतात. एचटीओत कापलेलं हाड जुळायचं असतं. त्याला साधारण तीन महिने लागतात, काहींना जास्त. शिवाय काप पूर्ण आरपार नेत नाहीत. बाहेरच्या बाजूला हाडाची एक पातळ पट्टी बिजागरीसारखी शिल्लक ठेवतात. अवेळी जास्त भार पडला तर ती तडकू शकते. म्हणून पहिले काही आठवडे नुसता पाय टेकवायचा, मग अर्धवट भार, मग पूर्ण, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी किती आठवड्यांची हे प्लेटवर, हाडाच्या ताकदीवर आणि सर्जनच्या पद्धतीवर ठरतं. कुणाला दोन आठवड्यांत पुढे जाऊ देतात, कुणाला सहा आठवडे थांबवतात.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या आठवड्यातच वॉकर पलंगाखाली सारला होता. कारण? ‘शेजारचे काका तिसऱ्या दिवशी जिना चढले.’ काकांचा पूर्ण सांधा बदललेला, यांची एचटीओ. नशीब, एक्स-रेत काही निघालं नाही. शेजाऱ्यांशी तुलना करायचीच असेल तर आधी त्यांचं डिस्चार्ज कार्ड मागून घ्या.

‘थोडा’ला किलोत विचारा

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘या पायावर किती किलो भार द्यायचा, आणि कोणत्या तारखेपर्यंत?’ उत्तर कागदावर लिहून घ्या. ‘वीस किलो, पुढचे चार आठवडे’ असं कळलं की काम सोपं होतं. ‘अर्धा भार’ म्हणाले तर तुमच्या वजनाचा अर्धा धरा. वजन ७२ किलो असेल तर ३६. ‘नुसता टेकवा’ म्हणाले तर त्याचा अर्थ पाय फक्त तोलासाठी जमिनीला लागू द्यायचा, त्यावर उभं राहायचं नाही.

वीस किलो तळव्याला कसे लागतात हे मात्र कुणालाच आपोआप कळत नाही. एक निवृत्त शिक्षिका काट्यावर पाय ठेवून मोठ्या खात्रीने म्हणाल्या, ‘दहा असतील, फार तर बारा.’ सुई ३४ वर होती. म्हणून हा सराव घरी करा, पण पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर.

काय लागेल: बाथरूममधला वजनकाटा, काट्याच्या उंचीचा पाट, वॉकर आणि सोबत एक माणूस. काटा सुईचा असेल तर उत्तम. बरेच डिजिटल काटे एक आकडा पकडून तिथेच थांबतात, मग भार वाढला की कमी झाला ते समजत नाही.

1. काटा आणि पाट शेजारी शेजारी ठेवा. उंचीत फरक असेल तर जो खाली असेल त्याच्याखाली वर्तमानपत्रांची चळत सरकवा. एक बोटभर फरकही कंबर तिरकी करतो.
2. वॉकर समोर घ्या. बरा पाय पाटावर, ऑपरेशनचा पाय काट्यावर. दोन्ही हात वॉकरवर घट्ट.
3. समोर बघा. आकडा सोबतच्या माणसाने मोठ्याने वाचायचा. तुम्ही खाली वाकून बघितलंत तर भार पुढे चवड्यावर जातो आणि सगळं गणित बिघडतं.
4. पाय नुसता टेकवला तरी पायाचंच वजन म्हणून काटा काही किलो दाखवेल. घाबरू नका. तिथून हळूहळू वाढवत ठरलेल्या आकड्यावर या आणि पाच-सहा श्वास थांबा. टाचेला, चवड्याला, अंगठ्याला काय जाणवतंय ते लक्षात ठेवा.
5. पाय उचला, पुन्हा ठेवा. पाच-सहा वेळा झालं की सोबतच्या माणसाला गप्प राहायला सांगा. तुम्ही अंदाजाने भार द्या आणि मग आकडा विचारा.

यात एक मेख आहे. उभं राहून वीस किलो जमले म्हणजे चालताना वीसच पडतात असं नाही. पाऊल पडताना शरीर पुढे झेपावतं आणि भार ठरवल्यापेक्षा जास्त जातो. म्हणून परवानगी वीसची असेल तर मी लोकांना पंधरावर सराव करायला लावते. दर दोन दिवसांनी पुन्हा काट्यावर या. तळव्याची स्मरणशक्ती फार लांबची नसते.

परवानगीची तारीख उलटल्यावर उलटी चूक होते. भीतीने लोक बऱ्या पायावरच रेलून उभे राहतात, चहा करताना, रांगेत, फोनवर बोलताना. ही सवय पुढे कंबरेला आणि दुसऱ्या गुडघ्याला महाग पडते. तेव्हा दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवून (एक शेजाऱ्यांकडून मागून आणा) दोन्ही पायांखालचे आकडे बघा. पूर्ण भाराची परवानगी मिळून महिना झाला आणि तरी दोन्हीकडे आठ-दहा किलोंचा फरक राहत असेल, तर तो कमी करणं हाच तुमचा मुख्य व्यायाम समजा.

गुडघा सरळ झाला, मग पाऊल तिरकं का वाटतं?

निरोगी पावलात भार टाचेच्या किंचित बाहेरच्या बाजूला सुरू होतो, बाहेरच्या कडेने पुढे सरकतो, चवड्यावरून आत वळतो आणि अंगठ्याखालून निसटतो. शेवटचा धक्का अंगठा देतो.

आता धनुष्यासारखा वाकलेला पाय डोळ्यांसमोर आणा. नडगी कलली की तळवाही कलणार आणि सगळा भार करंगळीकडच्या कडेवर येणार. काही जण खरंच तसेच चालतात. त्यांच्या चपला बाहेरून झिजतात. पण बऱ्याच जणांचा पाय दुसरी युक्ती करतो: घोट्याखालच्या सांध्यातून टाच उलट बाजूला वळवतो, कमान खाली बसवतो आणि तळवा कसाबसा सपाट टेकवतो. वर्षानुवर्षं हे चाललं की तीच त्या पायाची चाल होऊन बसते.

ऑपरेशनने नडगी उभी केली. पण टाच अजून जुन्या हिशेबानेच वळते. आता त्या वळण्याची गरज नसते, म्हणून भार आतल्या कडेवर, अंगठ्याच्या बुंध्याकडे जास्त जातो. ‘आत कलंडल्यासारखं’ वाटतं ते यामुळे. हे ऑपरेशन बिघडल्याचं लक्षण नाही. बहुतेकांच्या पायात ही नवी घडी काही महिन्यांत बसते आणि चाल पहिलं वर्षभर सुधारत राहते.

पण एक अपवाद आहे आणि तो ऑपरेशनच्या आधी तपासायचा असतो. घोट्याखालचा सांधा आखडलेला असेल, घोट्याचं जुनं फ्रॅक्चर असेल किंवा संधिवाताने तो भाग ताठ झाला असेल, तर टाचेला परत फिरायला वावच नसतो. मग गुडघ्याचं दुखणं जातं आणि घोट्याचं सुरू होतं. तुमचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनला सांगा, ‘एकदा माझ्या टाचाही मागून बघा.’ चपला, मोजे काढून पाठमोरं उभं राहायला दोन मिनिटं लागतात. प्रत्यक्षात अनेक ओपीडींमध्ये पँट गुडघ्यापर्यंतच वर जाते आणि पाय बुटातच राहतो. मला हे कधीच पटलेलं नाही.

घरी काय पाहाल?

- जुन्या चपला टाकू नका. ऑपरेशनआधी वापरलेला जोड पिशवीत घालून फिजिओथेरपिस्टकडे न्या. टाच कोणत्या बाजूने झिजली, अंगठ्याखाली खड्डा पडलाय का, यावरून तुमचा पाय कोणती युक्ती करत होता ते कळतं.
- ओल्या पावलाचा ठसा. घरात शहाबादी फरशी किंवा कोरडी सिमेंटची गच्ची असेल तर पाय ओला करून, धरायला आधार असताना, दोन्ही ठसे उमटवा आणि मोबाइलवर फोटो काढा. महिन्यातून एकदा, त्याच जागी. ठसा पाय कुठे टेकला ते सांगतो, किती जोरात टेकला ते सांगत नाही. पण दर महिन्याला शेजारी शेजारी ठेवलेले फोटो डॉक्टरांना पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतात. फरशी लगेच पुसा. घसरून पडणं परवडणारं नाही.
- कान द्या. शांत खोलीत चालताना दोन पावलांचा आवाज ऐका. ‘टप्-टप्’ सारखा आला पाहिजे. एक ‘टप्’ आणि एक ‘धप्प’ असेल तर एका पायावरून तुम्ही घाईने सुटताय.

‘पाय लांब झाला’ याचं काय?

थोडा झालेला असूही शकतो. आतल्या बाजूने फट उघडून केलेल्या एचटीओत पायाची लांबी काही मिलिमीटर वाढते. सांधा बदलताना वाकलेला पाय सरळ होतो, म्हणूनही तो उंच भासतो. आणि दुसरा गुडघा अजून वाकलेलाच असेल तर तो पाय मुळातच आखूड पडतो. तुमचं शरीर दोघांची तुलना करतं आणि तक्रार नव्या पायाची करतं.

तीन महिने वाट बघा. बहुतेकांचं हे वाटणं हळूहळू विरतं. त्याआधी चप्पलवाल्याकडे जाऊन एका टाचेला थर लावून घेऊ नका. पलंगावर झोपवून टेपने मोजलेल्या लांबीवरही फार विसंबू नका, त्यात चूक होते. शंका राहिलीच तर कंबरेपासून घोट्यापर्यंतचा, उभं करून काढलेला लांब एक्स-रे मागा. पायाची रेषा आणि लांबी दोन्ही त्यात दिसतात.

टाच आधी, आणि गुडघ्याखालची उशी काढा

घरोघरी दिसणारी चूक: पेशंटला बरं वाटावं म्हणून गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं हे खरं. पण तासन्‌तास अर्धवट वाकलेला गुडघा तसाच आखडायला लागतो. मग चालताना तो पूर्ण सरळ होत नाही, टाच आधी टेकत नाही, सगळा पाय एकदम किंवा चवड्यावर पडतो. चवडा दुखतो, पोटरी भरून येते, आणि पेशंट सांगतो, ‘तळवा जळतो.’ उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या, टॉवेलची गुंडाळी करून, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होईल.

पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर रोज दहा मिनिटं एवढं करा:

- फरशीच्या सांध्याच्या दोन समांतर रेषा निवडा, कंबरेएवढ्या अंतराच्या. एक पाय या रेषेवर, दुसरा त्या रेषेवर. टाच, मग तळवा, मग अंगठा. पावलं छोटी चालतील, सारखी हवीत.
- ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला. वर गेल्यावर भार करंगळीकडे पळतोय का ते बघा. अंगठ्याच्या बुंध्याने जमीन दाबून धरा.
- उभं राहून भार डावीकडून उजवीकडे, टाचेकडून चवड्याकडे न्या-आणा. देवघरासमोर हात जोडून उभं राहण्याच्या वेळात हे सहज होतं.

काठी बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची, हे मी दिवसातून चार वेळा सांगते. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकत्र पुढे, मग बरा पाय. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठीखालची रबरी टोपी झिजली की वीस-तीस रुपयांचा खर्च टाळू नका.

चप्पल, सोल आणि ते रंगीत चित्र

घरात अनवाणी चालायची आपली रीत. कडक फरशीवर, नुकत्या ऑपरेशन झालेल्या पायाने, पहिले तीन महिने तरी ती मोडा. घरातली चप्पल वेगळी ठेवा: मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारा, टाचेला मऊ पण दाबल्यावर पूर्ण न बसणारी. अंगठ्यात अडकवायची सैल स्लिपर नको. ती पडू नये म्हणून बोटं सतत आकसून धरली जातात आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतचा भाराचा प्रवासच तुटतो. कोल्हापुरी सुंदर असते, पण नवी कोल्हापुरी करकरीत ताठ असते. तिची पाळी सहा महिन्यांनी.

आता सोलचा प्रश्न. ऑपरेशनआधी अनेकांना बाहेरची कड उंच असलेला सोल दिलेला असतो, गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार कमी व्हावा म्हणून. अशा तिरक्या सोलचा फायदा पुरेसा दिसत नाही म्हणून अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शनात आणि तिथल्या अस्थितज्ज्ञांच्या संघटनेने २०२१मध्ये तो वापरू नये असंच सुचवलं आहे. ते बाजूला ठेवलं, तरी ऑपरेशननंतर हा सोल चालू ठेवणं चुकीचं. पाय आता सरळ आहे आणि तुम्ही त्याला पुन्हा एका बाजूला कलवताय. जुन्या बुटात तो अजून असेल तर आजच काढा. नवा सोल हवा की नको हे निदान तीन महिन्यांनी, सूज उतरल्यावर ठरवा. सुजलेल्या पायाचं माप घेऊन बनवलेला सोल सूज गेल्यावर निरुपयोगी होतो.

आणि ती मशीन. पाटीसारख्या पट्ट्यावर उभं करतात, पडद्यावर लाल-पिवळं-निळं पाऊल उमटतं, जिथे लाल तिथे दाब जास्त. चित्र बघून माणूस हबकतो. ही तपासणी खोटी नाही, पण विचारायचे प्रश्न हे:

- उभं करून केली की चालवून? नुसतं उभं राहिल्यावरचा दाब आणि चालतानाचा दाब वेगळा असतो. तुमची तक्रार चालण्याची आहे, तर चालवून, तेही चार-पाच पावलांची सरासरी घेऊन तपासणी हवी.
- कधी केली? सहाव्या आठवड्यात, वॉकर धरून काढलेलं चित्र वॉकरचं असतं, पायाचं नव्हे.
- तपासणारा तेच सोल विकतो का? औषधांच्या दुकानाबाहेर ‘मोफत फूट स्कॅन’चं शिबिर लागतं, तेव्हा फुकट काय असतं आणि कशाचे तीन-चार हजार घेतात ते बघा.
- निकालाने काही बदलणार आहे का? चित्रात काहीही आलं तरी व्यायाम तेच राहणार असतील तर पैसे वाचवा. चवड्याला सतत घट्टा पडतोय, घोटा दुखायचा थांबत नाही, किंवा मधुमेहाने पाय बधिर आहेत, तर ही तपासणी उपयोगी आहे.

मधुमेह असेल तर हा भाग दोनदा वाचा

गुडघा बदलायला येणाऱ्या अनेकांना मधुमेहही असतो. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर तळव्याखाली नवा दाब आला तरी कळत नाही. आणि ऑपरेशनने तुमच्या तळव्यावरचा दाब नव्या जागी नेला आहे. जिथे वर्षानुवर्षं जाड कातडी तयार झाली होती तिथे आता भार कमी, आणि अंगठ्याच्या बुंध्याखालच्या कोवळ्या कातडीवर जास्त. दुखत असतं तर तुम्ही आपोआप पाय उचलून घेतला असता. दुखत नाही म्हणूनच जखम होते. कुष्ठरोग्यांच्या पायांवर वेल्लोरमध्ये काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी आयुष्यभर हेच दाखवलं: बधिर पायाला घात करतो तो रोजचा, न जाणवणारा दाब. आज ‘एमसीआर चप्पल’ म्हणून मऊ रबराची जी चप्पल मधुमेहींना देतात तिचं मूळ कुष्ठरोग्यांसाठीच्या त्याच कामात आहे.

- ऑपरेशनआधी दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याची संवेदना तपासून घ्या. बारीक तंतू टोचल्यासारखा लावतात, दुखत नाही, दोन मिनिटांत होतं.
- रोज रात्री तळवा बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरच्यांना मोबाइलवर फोटो काढायला सांगा.
- चाळीस मिनिटं चालून चप्पल काढल्यावर कुठे लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासाने तो गेला नाही, तर ती चप्पल बंद.
- कुरूप, घट्टा ब्लेडने कापू नका, कुरुपाच्या पट्ट्या लावू नका. त्यातल्या औषधाने बधिर कातडी जळते.
- देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून जा. देव रागावणार नाही.

आणखी एक, फक्त मधुमेहींसाठी नव्हे. विडी-सिगारेटने कापलेलं हाड जुळायला उशीर लागतो. मिसरी आणि तंबाखूतही निकोटिनच आहे. एचटीओ झालेल्या बायका डॉक्टरांना ‘मला कसलं व्यसन नाही’ सांगतात, कारण मिसरीला घरात कुणी व्यसन समजतच नाही. सांगा.

हे दिसलं तर लेख बाजूला ठेवा आणि फोन करा

- पोटरी एकाएकी सुजली, दाबल्यावर दुखते. किंवा दम लागतो, छातीत दुखतं. रक्ताची गुठळी असू शकते. दवाखान्यात लगेच जा, रात्र असली तरी.
- पहिल्या काही दिवसांत पायात औषधाने न थांबणारी, वाढत जाणारी कळ, बोटं हलवली की असह्य.
- पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो किंवा ‘फट्’ आपटतो. नसेला इजा झाल्याची शंका असते.
- एचटीओनंतर ‘कट्’ आवाज आणि अचानक दुखणं.
- ताप, जखमेतून पाणी किंवा पू.
- पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागे, एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखणं आणि सूज. वर्षानुवर्षं कमी चाललेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायका नव्या गुडघ्याच्या आनंदात एकदम खूप चालायला लागतात आणि पायाच्या बारीक हाडाला चीर जाते. पहिल्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही.

टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागणं आणि संध्याकाळी येणारी सूज याला मात्र घाबरू नका. सूज तीन ते सहा महिने येत-जात राहते.

कागद आणि हक्क

- तुमची कागदपत्रं मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत ती द्यावीत असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत आहे. त्यात ऑपरेशनची नोंद, आधीचा आणि नंतरचा लांब एक्स-रे असू द्या. पुढे घोटा दुखला किंवा दुसऱ्या गुडघ्याची वेळ आली तर हेच लागणार.
- इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. चालू आकडा प्राधिकरणाच्या आदेशात बघा. बिलात इम्प्लांटचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत स्वतंत्र हवी. स्टिकर कापून डिस्चार्ज कार्डाला चिकटवून घ्या.
- दुसरं मत घ्या. एचटीओ की सांधा बदल, हा निर्णय घाईचा नसतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्याने पहिले रागावतील म्हणून गप्प बसू नका.
- विमा. अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. फिजिओथेरपीची पावती जोडायची तर डॉक्टरांची लेखी सूचना आधी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दुसरा गुडघा कधी?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, बहुधा दाराशी चप्पल घालताना. माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन वजनकाट्यांचे आकडे जवळ आले का, काठीशिवाय जिना उतरता येतो का, आणि ओल्या पावलाचे शेवटचे दोन फोटो सारखे दिसतात का ते बघा. तिन्हीला ‘हो’ असेल तर सर्जनची वेळ घ्या. एकालाही ‘नाही’ असेल तर पुढच्या महिन्यात मला पुन्हा भेटा, आणि येताना चपलांचा जुना जोड आणायला विसरू नका.